इंत्रुजात दिवाडीला

आजऱ्याहून गोव्याची सहल म्हटली की तिचा क्रम ठरलेला. पहाटे निघायचं, आंबोलीत चहा, सावंतवाडीत नाश्ता, मग मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातलं चर्च, कळंगुटचा समुद्र, संध्याकाळी मांडवीतली बोट, एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या रात्री उशिरा घर. बायकांच्या सहली नेणं हा माझा व्यवसाय आहे. या क्रमानं मी कितीतरी गाड्या नेल्या, अजूनही नेते. पन्नाशीपर्यंत समुद्र न पाहिलेली बाई पहिल्यांदा पाण्यात पाय घालते, त्या वेळी तिच्या शेजारी उभं राहायला मिळतं. एवढ्यासाठीसुद्धा हा धंदा करावा. पण २०२४ च्या फेब्रुवारीत मी एक गाडी वेगळी नेली. पाहायच्या ठिकाणांची यादी नाही, वेळापत्रक नाही. दिवाडी बेटावरच्या एका घरात शनिवारी जाऊन राहायचं आणि बुधवारी निघायचं. गोव्यात तेव्हा इंत्रुज होता, ज्याला आपण कार्निव्हल म्हणतो.

कार्निव्हल आमच्याकडच्या बायकांना टीव्हीवरून ठाऊक असतो. पणजीत शनिवारी निघणारी चित्ररथांची मिरवणूक, सिंहासनावर बसलेला मोमो राजा, खा-प्या-मजा करा असा त्याचा हुकूम. ही मिरवणूक आज दिसते त्या रूपात १९६५ पासूनची, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरची. शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा असा तिचा फेरा असतो. मी ती दाखवायला गाड्या नेल्या आहेत. मांडवीच्या काठी दोन-तीन तास उभं राहायचं, पुढच्याच्या डोक्यावरून रथ पाहायचे आणि पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला आणखी तासभर. पाय दुखले तरी बायका आनंदानं परतायच्या. पण तो आनंद रस्त्याच्या कडेचा होता. उत्सव कुणाचा, तो का करतात, मिरवणूक संपल्यावर ही माणसं कुठं जातात, यातलं काही हाती लागायचं नाही. गावांतला इंत्रुज या मिरवणुकीहून फार जुना. चौकाचौकांत होणारे खेळ, एकमेकांवर पिठाच्या पुड्या फेकणं, चांदोरला ख्रिस्ती पुरुषांनी मुसळं घेऊन केलेला नाच. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा व्रताचा काळ सुरू व्हायच्या आधी मन मोकळं करून घेण्याचे हे दिवस. ते पाहायचे तर गावात राहायला हवं, असं मला फार दिवस वाटत होतं.

ही सहल खपवणं सोपं गेलं नाही. "चार दिवस तिथं काय बघायचं?" हा पहिला प्रश्न. बघायचं काही नाही, राहायचं, असं सांगितलं की समोरची बाई गप्प व्हायची. एक आक्का म्हणाल्या, "बसून ऱ्हायला चार दिवस घर सोडून जायाचं? सुनंला काय सांगू?" प्रश्न खरा होता. मंगेशीला गेले म्हटलं की देवदर्शन होतं, कळंगुटला नेलं तर नातवाला फोटो दाखवता येतो. नुसतं बसून आले, हे सांगायला शेतकरी घरातल्या बाईला लाज वाटते. शेवटी एका जीपपुरत्या जणी जमल्या. त्यात निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या, दोन सख्ख्या जावा होत्या, शिवणकाम करणारी एक विधवा बाई, एक अंगणवाडी सेविका, त्या आक्का, आणि गुहागरकडचं माहेर असलेल्या एक काकी. लग्न होऊन त्या घाटावर आल्या त्याला आता तीन दशकांहून जास्त काळ लोटला होता.

गवसेच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागून रखडत आम्ही आंबोलीला पोचलो. आमची हिरण्यकेशी इथं उगम पावते, आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे जाते, पुढं घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला पोचते. घाट उतरायला लागलं की पलीकडचं सगळं पाणी अरबी समुद्राचं. दर वेळी त्या वळणावर मी हे बायकांना सांगते. बांद्याहून म्हापशाकडे न जाता आम्ही दोडामार्ग, डिचोली करत नार्व्याला गेलो. पणजीची गर्दी त्यानं टळते, आणि नार्व्यात सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. कदंब राजांचं हे दैवत मूळचं दिवाडी बेटावरचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे आणलं गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथं देऊळ बांधवलं. दारावर तसा शिलालेख आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बायका त्या शिलालेखाखाली उभ्या राहिल्या की त्यांना समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. शिक्षिकाबाईंनी एकेक अक्षर लावत तो वाचायचा प्रयत्न केला. आम्ही सगळ्या थांबून राहिलो. घाई नव्हती, आणि घाई नाही हे त्या दिवशी प्रथम तिथं जाणवलं.

देवळापासून थोड्या अंतरावर फेरीबोट. मांडवीच्या या बेटाला पूल नाही. जुनं गोवं, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोटीनंच यावं लागतं. कोकण रेल्वे बेटावरून जाते, पण थांबत नाही. त्या सपाट बोटीवर जीप चढवताना आक्कांनी माझा दंड घट्ट धरला. पलीकडे उतरेपर्यंत त्या पाण्याकडे अशा बघत होत्या की दंड सोडायचं राहूनच गेलं.

आमचं घर पियेदाद गावात होतं. टेकडीवर पांढरं चर्च, खाली कौलारू घरं, घरापुढं बसायला दगडी बाकांचा बल्कांव. घरमालकीणबाई सत्तरीच्या आसपासच्या, त्यांना सगळ्या आंटी म्हणू लागल्या. त्यांचे यजमान आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेले. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात आणि जवळपास प्रत्येक ख्रिस्ती वाड्यात तो सापडतो. आम्ही आजऱ्याचा घनसाळ तांदूळ नेला होता. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे शिक्षिकाबाईंनी अभिमानानं सांगितलं. आंटींना मात्र मानांकनापेक्षा वास महत्त्वाचा होता. त्यांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले आणि तसेच यजमानांच्या नाकाशी धरले.

पहिली सकाळ अवघड गेली. उजाडायच्या आत सगळ्या उठून बसल्या. करायला काही नव्हतं. सायकलवरून पोदेर भोंगा वाजवत आला, पाव घेऊन झाले, चहा झाला, आणि अजून आठही वाजले नव्हते. मी बल्कांवात बसले होते तर मागून झाडूचा आवाज. आक्का आंटींचं अंगण झाडत होत्या. जावांपैकी धाकटीनं विहिरीवरून दोन कळशा आणून ठेवल्या होत्या. आंटी धावत आल्या, "तुमी बसात गो, बसात!" आक्का खाली बसल्या, पण हात मांडीवर ठेवायचे की पदरात घ्यायचे हे त्यांना सुचत नव्हतं. आमच्याकडं पाहुणी म्हणून गेलेली बाईसुद्धा निदान भाजी निवडते. विश्रांती ही गोष्ट या बायकांना कुणी दिलेलीच नाही, त्यामुळं ती घ्यायची कशी हे त्यांना ठाऊक नाही. सहलीतला माझा खरा कामाचा भाग तो होता: कुणी उठून कामाला लागलं की तिला हाताला धरून बसवायचं. गाडी, मुक्काम, औषधांची पिशवी, हे सगळं त्यापुढं सोपं.

दुपारी घंटा ऐकू आल्या.

आधी लांबून, गुरं परतताना येतो तसा आवाज. मग एकदम जवळ. शेजारचं पोर किंचाळत आमच्या बल्कांवावर चढलं आणि आक्कांच्या मागं लपलं. रस्त्यावर तिघे-चौघे आले. अंगावर जुनी पोती आणि फाटक्या चादरी, तोंडावर भेसूर मुखवटे, कमरेला घंटा, हातात काठ्या. हे पोटेकार. व्रताचा काळ सुरू होण्याआधीचे तीन दिवस ते दिवाडीच्या वाड्यावाड्यांत फिरतात, पोरांच्या मागं लागतात, मोठ्यांनाही दचकवतात. एक जण आमच्या फाटकाशी थांबला, त्यानं मान तिरकी करून आम्हाला न्याहाळलं आणि एकदम उडी मारून घंटा खणखणवल्या. जावा एकमेकींना बिलगल्या. आंटी मात्र शांतपणे त्याच्या पायांकडं बघत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, चालण्यावरून तर पोदेराचा थोरला वाटतो. यजमानांचं मत वेगळं पडलं. त्यावर दोघांची बराच वेळ चर्चा झाली. आक्कांच्या मागचं पोर आता बाहेर येऊन ऐकू लागलं होतं. त्याचंही एक मत होतं.

मला त्या चर्चेत मोठी गोष्ट सापडली, निदान माझ्यापुरती. पणजीच्या मिरवणुकीत मुखवटा घातला काय आणि न घातला काय, बघणाऱ्याला फरक पडत नाही, कारण तो कुणालाच ओळखत नसतो. इथं प्रत्येकाची चाल, खोकला, खांदे उडवायची लकब सगळ्यांना पाठ. म्हणून पोटेकार बोलत नाहीत, बोलले तर आवाज बदलतात. काही जण पायांत मोजे चढवतात, चालही मुद्दाम बदलतात. आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांसमोर, तीन दिवस आपण अमक्याचा मुलगा, तमक्याचा भाऊ नसणं, ही त्यातली मजा आहे. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात त्याच गावाला मुखवट्याची गरज असते.

संध्याकाळी बल्कांवात आंटींच्या यजमानांनी एक हकिकत सांगितली. तरुणपणी ते एका ग्रीक मालकाच्या बोटीवर होते. पिरेयस बंदरात बोट दुरुस्तीला लागली आणि बोटीवरचा ग्रीक मुकादम त्यांना आपल्या बेटावर घेऊन गेला. बेटाचं नाव स्कीरोस, एजियन समुद्रात. तिथंही कार्निव्हलचे दिवस होते. चढावाच्या अरुंद गल्ल्यांतून माणसं नाचत यायची. तिथल्या म्हाताऱ्याच्या सोंगाला गेरोस म्हणतात. अंगावर केसाळ काळा झगा, तोंडावर करडाचं कातडं, कमरेभोवती पितळी घंटांचे घोसच्या घोस. त्यांचं वजन कित्येक किलो, आणि ते घेऊन तो अशा ठेक्यात चालतो की सगळ्या घंटा एकदम बोलतात. त्याच्याबरोबर बाईच्या वेशातला तरुण, त्याला कोरेला म्हणतात. मुकादमानं त्यांना सांगितलं होतं की बर्फाच्या वादळात सगळा कळप गमावलेल्या धनगराची ही आठवण आहे. "ग्रीकांचा ईस्टर वेगळ्या पंचांगानं येतो," यजमान म्हणाले. "त्यांचा इंत्रुज यंदा आणखी महिन्याभरानं. आपला संपला तरी तिथं घंटा वाजायच्याच असतात." ते बेटावर किती दिवस राहिले, कुठं झोपले, काय खाल्लं, हे सगळं शिक्षिकाबाईंनी एकेक प्रश्न विचारून काढून घेतलं. मुकादमाची आई रोज सकाळी त्यांना खुर्ची देऊन दारात बसवायची आणि काही करू द्यायची नाही, हे ऐकल्यावर आक्का मनापासून हसल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच हसल्या.

गुहागरच्या काकी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं शिमग्याला संकासुर येतो." काळा पायघोळ अंगरखा, तोंड झाकणारी उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घंटा. खेळे आले की तो पुढं धावत यायचा आणि लहानपणी काकी भाताच्या कणगीमागं लपायच्या. "मग कळलं की आमचा चुलताच संकासुर व्हायचा. कळलं तरी भ्या वाटायचं." घाटावर लग्न होऊन आल्यापासून शिमग्याला माहेरी जाणं झालं नाही. इथं तेव्हा ऊस, तिथं आंबा-काजू, लेकीसाठी कुणाला सवड नसते. एवढं बोलून त्या थांबल्या, आणि अंधारात पुन्हा कुठंतरी घंटा वाजल्या तशा उठून फाटकापर्यंत गेल्या. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. रस्त्यावर काही दिसत नव्हतं, आवाज तेवढा येत होता.

सोमवारपासून आमच्या बायका बदलत गेल्या. आम्ही खाजन शेतांच्या बांधावरून फिरलो. भात निघून गेलं होतं, पाणथळीत बगळे होते. बांधात बसवलेली लाकडी दारं, त्यांना मानस म्हणतात, आक्कांनी वाकून वाकून पाहिली. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं दार उघडतं आणि शेतातलं पाणी नदीत जातं; भरतीला खारं पाणी चढू लागलं की त्याच्याच दाबानं दार मिटतं. अमावास्येचं उधाण होतं, त्यामुळं पाणी जोरात होतं आणि दार मिटताना डोळ्यांनी दिसलं. "माणूस लागत नाही!" आक्का म्हणाल्या. आमच्याकडं रात्री-अपरात्री पाण्याच्या पाळीला शेतावर जावं लागतं. त्या बाईला या दाराचं जेवढं कौतुक वाटलं तेवढं कुठल्या चर्चच्या सोन्याच्या वेदीचं वाटलेलं मी पाहिलेलं नाही.

परतताना अंगणवाडी सेविकेनं आंटींच्या नातवाची सायकल मागितली. लग्नाआधी ती शाळेला सायकलनं जायची. पदर खोचून ती पियेदादच्या उतारावरून गेली, तिथून ओरडली, परत चढून आली, परत गेली. तिला गाव बघत होतं, पण ते तिचं गाव नव्हतं. आजऱ्यात ती रस्त्यानं चालली तर दहा माणसं तिला ओळखतात: कुणाची सून, कुणाची आई, कुठल्या अंगणवाडीची बाई. तिथं सायकल तिला मिळत नाही असं नाही. तिथं ती सायकलवर बसू शकत नाही. दिवाडीच्या तरुणांना ती मोकळीक मिळवायला पोतं पांघरावं लागतं, तोंड झाकावं लागतं. आमच्या बायकांना तीच मोकळीक उघड्या तोंडानं मिळत होती, कारण इथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मी इतकी वर्षं माणसांना ठिकाणं दाखवत आले. माणसाला काही दिवस ओळखीबाहेर नेऊन ठेवणं हेही या धंद्याचं काम आहे, हे मला त्या उताराच्या कडेला उभं राहून समजलं, आणि मला ते काम फार मोलाचं वाटतं. त्यासाठी एकाच जागी राहावं लागतं. रोज नवं ठिकाण पाहणारी बाई दिवसभर गाडीत असते, आणि गाडीत ती पुन्हा आपल्याच गावात असते.

मंगळवारी माघी गणेश जयंती होती. आमच्या उपवासाचा दिवस आणि त्यांचा व्रताआधीचा शेवटचा जेवणाचा दिवस. आंटींच्या स्वयंपाकघरात एका चुलीवर डुकराचं मटण शिजत होतं, दुसरी चूल त्यांनी सकाळीच घासूनपुसून आम्हाला दिली होती. तिच्यावर आमची साबुदाण्याची खिचडी झाली. कुणी कुणाला काही समजावलं नाही. संध्याकाळी पोटेकार शेवटचे आले. आमच्या फाटकाशी एकानं मुखवटा वर केला तेव्हा आतला मुलगा घामानं निथळत होता. तो पोदेराचा थोरला नव्हता, धाकटा होता. आंटी आणि यजमान दोघंही चुकले होते, बरोबर होतं ते शेजारचं पोर. आक्कांनी त्या मुलाला पाणी दिलं आणि हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवला.

बुधवारी सकाळी आंटी चर्चमधून आल्या तेव्हा कपाळावर राखेचं बोट होतं. धुळवडीला आमच्याकडं होळीची राख लावतात, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. धाकट्या जावेनं वाकून नमस्कार केला, तसा आंटींनी तिला उठवून जवळ घेतलं. "देव बरें करूं," म्हणाल्या.

परत आल्यावर सहलीची बातमी पसरली. या मोसमात मला फोन येतात: पोटेकार बघायला आमची पन्नास जणींची बस नेता का? मी नाही म्हणते. त्यात नुकसान आहे, आणि गाडीचे हप्ते मलाही आहेत. पण दिवाडीच्या एका वाड्यात पन्नास परक्या बायका उभ्या राहिल्या तर पोटेकार त्यांच्यासाठी नाचू लागतील, आणि चालीवरून ओळखणाऱ्या आंटी गर्दीत मागं पडतील. पाहुण्यांच्या गर्दीनं किनाऱ्यावरच्या गावांचं काय झालं हे मी गाड्या नेता-नेता पाहिलेलं आहे. त्यामुळं इंत्रुजात दिवाडीला माझी एकच जीप जाते, आणि जिला चार दिवस नुसतं बसायची तयारी आहे तिलाच तीत जागा मिळते. बाकीच्यांसाठी मंगेशी आणि कळंगुटची गाडी आहेच, ती मी तेवढ्याच मनानं नेते.

गुहागरच्या काकी महिन्यानं दुकानावर आल्या. शिमगा तोंडावर होता. संकासुर बघायला जायचंय, नेशील काय, म्हणाल्या. मी म्हटलं, माहेरीच जाता की, भावाला फोन करते. त्यांनी मान हलवली. "भावाच्या घरी नको. तिथं गेलं की चुलीपुढंच बसावं लागंल. दुसऱ्या वाडीत घर बघ, मला कुणी ओळखणार न्हाई असं." मी गुहागरकडचे फोन नंबर काढून बसले.